काजवालीचा राहिलेला विषय

गल्लीत तिला सगळे काजवाली म्हणत. शिंप्यांच्या दुकानांतून शिवलेले शर्ट गठ्ठ्यांनी तिच्याकडे येत, ती काजं करून, बटणं लावून परत पाठवी. त्यातले निम्मे शाळेच्या गणवेशाचे. ज्या शाळेने आपल्याला परत घेतलं नाही, तिथल्याच पोरांची बटणं आपण लावतो, याचा तिला पहिली काही वर्षं त्रास होई. पुढे सवय झाली.

ती शालान्त परीक्षेत नापास झाली होती, फक्त गणितात. बाकी सगळ्या विषयांत चांगली पास. आईबाप दोघे अंगठेबहाद्दर. घरात शिकलेला एकच, थोरला भाऊ. तो त्याच शाळेतून पहिला आलेला, तेव्हा कॉलेजात. बापाने त्याला पाठवलं, "विचारून ये, पोरीचं काही होतं का." दादा गेला, आला, म्हणाला, "काही होत नाही म्हणाले. गणित तिच्या डोक्यात शिरणारं नाही." दादाचा शब्द म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ. आईने ओळखीच्या शिंप्याकडून चार शर्ट आणले आणि तिला खिडकीत बसवलं.

तेव्हापासून ती मठ्ठ. कुणी म्हटलं नाही, तिनेच मानून घेतलं. एकदा स्थळ आलं, तर मुलाच्या आईला हिनेच सांगितलं, "मला डोकं नाही, शाळेनेच सांगितलंय." इतकं खरं बोलणारी सून कुणाला हवी असते? स्थळ चहा पिऊन गेलं. आईबाप गेल्यावर ती दादाच्या घरातच राहिली, खिडकीसकट.

आणि आता दादाची पोरगी नापास झाली, गणितात आणि विज्ञानात. दादाने सकाळचा पेपर तोंडासमोर धरला तो खाली घेईना. वहिनीने मात्र लगेच वाट काढली. "आत्याजवळ बसू दे. हाताला काम तरी लागेल." पोरगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी खरंच खिडकीत येऊन बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

काजवालीने तिच्या हातातली सुई काढून घेतली. "दादा, शाळेत जाऊन विचार."

"काय विचारायचं? कुठल्या तोंडाने जाऊ तिथं?"

मग तीच गेली, भाचीला घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मुख्याध्यापिका तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी दिलं. "नापास म्हणजे जगबुडी नाही. पेपर पुन्हा तपासायला देता येतो. पुरवणी परीक्षा लवकरच आहे, राहिलेल्या दोन विषयांचीच. त्यातही नाही जमलं तर मुक्त शाळा आहे, घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची. नाहीतर तंत्रशाळेत एखादं काम शिकायचं. घाबरता कशाला?"

"हे आता नवीन निघालंय का?" काजवालीने विचारलं.

"छे हो. पुरवणी परीक्षा तर मी शाळेत होते त्याच्याही आधीपासून आहे. एकच विषय राहिलेल्या मुलांसाठी इथले मास्तर सुट्टीत फुकट वर्ग घ्यायचे. घरून कुणी विचारायला आलं की लगेच नाव घालायचे."

भाचीचं नाव तिथल्या तिथे घातलं गेलं. काजवालीला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण परत येताना भाची बडबडत होती त्यातलं एक अक्षर तिला ऐकू आलं नाही.

दादा घरातच होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"तेव्हा शाळेत तू कुणाला भेटला होतास?"

दादाने पेपर खाली ठेवला.

"फाटकापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "बरोबरची पोरं उभी होती तिथं. मास्तरही बोलत होते त्यांच्याशी. पहिला आलेला मी, आणि बहीण नापास, हे त्यांच्यासमोर कसं विचारायचं? परत आलो."

"आणि गणित माझ्या डोक्यात शिरणारं नाही, हे कोण म्हणालं?"

"ते... काहीतरी सांगायला हवं होतं ना घरी."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात प्रथमच, आणि मनापासून. आपल्या लाजेपायी याने बहिणीचं डोकं काढून घेतलं होतं, आणि वर तिच्याच हातचं दोन वेळा जेवत होता.

"तू पण बस की आता परीक्षेला," तो घाईघाईने म्हणाला. "वयाची अट नसते म्हणे."

म्हणजे एवढं त्याला माहीत होतं.

"मी लहान होतो गं तेव्हा."

"मी तुझ्याहून लहान होते, दादा."

आतून वहिनीने हाक मारून विचारलं, ते गणवेशाचे शर्ट आजच द्यायचेत ना. द्यायचे होते. भाची पुस्तक काढून आतल्या खोलीत गेली, आणि काजवाली खिडकीत बसून काजं करू लागली. दुसरं काही तिला येत नव्हतं.