गोपीच्या आईचं पोस्टकार्ड

प्रिय अनुजा आणि निखिल,

गेल्या महिन्यात श्रीरामपूरहून लाजूचा फोन आला. "मावशी, आई गेली पहाटे," एवढंच ती म्हणाली. लाजूची आई म्हणजे गोपी. तुम्ही तिला एकदाच पाहिलं आहे, लहानपणी. निखिल तिच्या घरी कोकीचे, म्हणजे कांदा घातलेल्या जाड सिंधी पोळीचे, तीन तुकडे खाऊन तिथेच झोपला होता. ती माझी साठ वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्याबद्दल मी कधीतरी लिहिणारच होते, पण आता लिहिते आहे त्याला कारण अनुजा आहे. तू फोनवर सांगितलंस की दर शनिवारी तू एका सभागृहात जातेस आणि तुझ्या शहरात नव्याने आलेल्या कुटुंबांचे अर्ज भरून देतेस. "आजी, तूही असंच काम करायचीस ना? कसं असायचं ते?" असं तू विचारलंस. मी म्हटलं, छान असायचं. ते उत्तर अपुरं होतं. पूर्ण उत्तर हे आहे, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं तर आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला हेडमास्तर होते आणि मी पुण्याहून इंटरची परीक्षा देऊन घरी आले होते. फाळणी होऊन वर्ष होत आलं होतं. सिंधमधून निघालेली माणसं आमच्या स्टेशनवर उतरत होती. स्टेशनभोवती वसलेल्या गावाला श्रीरामपूर म्हणायला लागले होते, पण आमच्या तोंडात बेलापूर रोडच होतं. स्टेशनजवळच्या गुळाच्या रिकाम्या वखारी या लोकांना राहायला दिल्या होत्या. एकेका वखारीत दहा-बारा कुटुंबं आणि मध्ये गोणपाटाचे पडदे. भिंतींना गुळाचा वास, त्या वासाला मुंगळे. लहान मुलं रात्रंदिवस अंग खाजवत असायची. बेलापुरातल्या आम्ही सहा-सातजणी टांग्याने तिथे जायचो. कुणी कपडे वाटायचं, कुणी मुलांना मुळाक्षरं शिकवायचं. मला इंग्रजी येत होतं, म्हणून पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. निघताना किंवा वाटेत जवळजवळ प्रत्येक कुटुंबातलं कुणी ना कुणी हरवलं होतं. मी ठिकठिकाणच्या छावण्यांना पोस्टकार्डं पाठवून चौकशी करायचे.

आमच्यातली सगळ्यात कामाची बाई होती भागीरथीमावशी. ती पाटाच्या पाण्यावर ऊस आणि ज्वारी पिकवणाऱ्या घरची. अक्षर येत नव्हतं, पण वखारीत कुणाला काय हवं ते तिला आमच्याआधी कळायचं. रेशनवर ज्वारी मिळायची आणि सिंधी बायकांनी कधी ज्वारीच्या पिठाला हात लावलेला नव्हता. पीठ तसंच पडून राहायचं. आमच्यातल्या एकदोघी म्हणाल्या, फुकट मिळतं त्याची किंमत नाही यांना. मावशीने तीन दगडांची चूल मांडली आणि भाकरी थापायला शिकवायला बसली. गोपी तिथेच मला पहिल्यांदा नीट दिसली. बावीस-तेवीसची असेल. कडेवर लाजू, परातीत काहीतरी जाड, वाकडंतिकडं.

"गोपे, ही भाकर हाय का गोवरी?" मावशीने विचारलं.

गोपीला गोवरी कळेना. कुणीतरी हिंदीत सांगितलं. तिने परातीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्हारे लिए ही बनायी है."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून गोपी तिची झाली. मी गोपीला मराठी शिकवायचे ते शुद्ध, पुस्तकातलं. तिने उचललं मात्र मावशीचं. पुढे आयुष्यभर ती 'हाय' आणि 'न्हाई'च बोलली. मला ती अदी म्हणायची. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात.

गोपीची आई वाटेत हरवली होती. म्हातारी विधवा बाई, नाव हीरीबाई. सिंधू नदीच्या काठचं त्यांचं गाव. आई रोज सकाळी नदीवर जाऊन चिमूटभर पीठ पाण्याला द्यायची आणि मगच घरात चूल पेटायची. घर सोडलं त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. लेकीशीही नाही, जावयाशीही नाही. पण पिठाचा नेम सोडला नाही. आगगाडीत पदराच्या गाठीला पीठ बांधलेलं होतं. गाडी थांबली की ती खाली उतरायची, नळ शोधायची, चिमूटभर पीठ पाण्यात सोडून परत यायची. मारवाडातल्या एका जंक्शनवर अशीच उतरली. तिथे गाडीचे डबे तोडून वेगवेगळ्या गाड्यांना जोडत होते. ती परत आली तेव्हा गोपीचा डबा तिथे नव्हता.

हे सगळं गोपीने मला एका दुपारी सांगितलं. लाजूला मांडीवर थोपटत, अर्धं हिंदीत, अर्धं सिंधीत, मध्येच थांबत. सांगून झाल्यावर म्हणाली, हे लिही. अमांला नाव विचारलं तर ती सांगणार नाही. पण जिथे पाणी असेल तिथे ती पीठ घेऊन जाईलच. हेच लिही, म्हणजे कुणीही तिला ओळखेल.

माझ्या पत्रांचा एक साचा होता. मी तो स्वतः बसवला होता आणि मला त्याचा अभिमान होता. नाव, वय, नवऱ्याचं नाव, गाव, उंची, वर्ण, शरीरावरची खूण. अधिकाऱ्यांना वेळ नसतो, त्यांना एका दृष्टिक्षेपात कळलं पाहिजे, असं मी इतर मुलींनाही सांगायचे. गोपी बोलत होती तेव्हा मी मनात रकाने भरत होते. डाव्या मनगटावर काळा तीळ, हे मी विचारून घेतलं. पीठ आणि पाणी कुठल्या रकान्यात बसेना. इंग्रजीत ते वाक्य मी मनात जुळवून पाहिलं आणि मला ते खुळचट वाटलं. साहेब वाचून हसेल, असं वाटलं. आणि ती बोलत नाही, हेही मी लिहिलं नाही. बाई मुकी नव्हती, मग सरकारी पत्रात मुकी कसं म्हणायचं? दुःखाने गप्प झाली आहे, एव्हाना बोलू लागली असेल, असा हिशेब मी केला. मी पत्ता घातला आणि शाई टिपली.

मावशी भाकऱ्या दुरडीत रचत होती. म्हणाली, "येवढा वेळ बोलली ती, आन् तुजं दोन वळीत झालं?"

"मावशी, सरकारी पत्र असंच असतं."

"का? सरकारला आय न्हाई व्हय?"

मुली हसल्या. मीही हसले. तेच पोस्टकार्ड मी सात छावण्यांना पाठवलं.

उत्तरं नीट आली. या नावाची बाई आमच्या नोंदवहीत नाही, असं सातही ठिकाणांहून आलं. मी ती गोपीला वाचून दाखवली. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "पिठाचं काय म्हणतात?" मी म्हणायचे, त्यांनी काही लिहिलेलं नाही. ते खरंच होतं.

तिचा नवरा टोपणदास खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून गावोगाव फिरायचा. आपली माणसं कल्याणला आहेत, तिकडे जाऊ, असं त्याने पुष्कळदा म्हटलं. गोपी हलली नाही. अमां इथे उतरली आणि आपण नसलो तर? दुपारच्या गाडीच्या वेळी ती लाजूला घेऊन स्टेशनात जायची. लोक डब्यांच्या दारांशी गर्दी करायचे. गोपी नळापाशी उभी राहायची. आई गाडीतून उतरली की आधी तिथेच येईल, हे तिला ठाऊक होतं. पाऊस झाला, दिवाळी झाली, थंडी गेली. ती नळापाशी जातच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात नाशिककडच्या एका छावणीतून काही कुटुंबं आमच्याकडे आली. पाटावर धुणं धुवायला बसण्याआधी गोपीने नेहमीप्रमाणे चिमूटभर पीठ पाण्यात सोडलं. आई हरवल्यापासून तो नेम तिने स्वतःकडे घेतला होता. नव्याने आलेली एक बाई म्हणाली, आमच्या छावणीत एक म्हातारी अस्संच करायची. टाकीत पीठ टाकते म्हणून पहारेकरी तिच्या अंगावर ओरडायचा. कधी कुणाशी बोलली नाही. नाव कुणाला माहीत नव्हतं, आम्ही तिला आटेवाली म्हणायचो. मनगटावर तीळ होता का, असं गोपीने विचारलं. होता, डाव्या. म्हातारी संक्रांतीच्या सुमारास थंडीने गेली होती. छावणीच्या वहीत तिची नोंद होती, पण नावाच्या जागी काही लिहिलेलं नव्हतं.

त्या छावणीला माझं पोस्टकार्ड ती जाण्याच्या सात महिने आधी पोचलं होतं. मनमाडला गाडी बदलली की अर्ध्या दिवसाचा प्रवास.

गोपी आणि भागीरथीमावशी त्याच दिवशी चालत बेलापूरला आमच्या घरी आल्या. माझं लग्न ठरलं होतं. ओसरीवर शेवया वाळत होत्या. गोपीचे डोळे कोरडे होते. ती उभीच राहिली आणि म्हणाली, "अदी, तू लिवलं हुतं ना? पीठ, पानी… समदं लिवलं हुतं ना?"

मी म्हटलं, "हो."

हा शब्द उच्चारायला मला वेळ लागला नाही. विचार करून खोटं बोलले असते तर कदाचित नंतर दुरुस्तही करता आलं असतं. गोपीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं, आणि मग ती तिथेच शेवयांच्या खाटेशेजारी खाली बसून रडायला लागली. मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन ओळी किती लांब असतात ते ठाऊक होतं. ती गोपीला उठवून घेऊन गेली. त्यानंतर मावशी माझ्याशी नेहमीसारखीच वागली, फक्त मला कधी थट्टेत टोमणा मारला नाही. मला ते फार लागलं.

लग्नानंतर मी नगरला आले. गोपी कल्याणला गेली नाही. आईची वाट बघता बघता ते गावच तिचं झालं होतं. टोपणदासांनी बाजारपेठेत कापडाचं दुकान टाकलं, घर बांधलं. मी वर्षातून दोनतीनदा जायचे. गोपी मला पाटावर बसवायची, कोकी वाढायची आणि घरात कुणी नवं माणूस असलं, सून असो, शेजारीण असो, की आईची गोष्ट सांगायची. शेवट नेहमी एकच. "माज्या अदीनं समदं लिवलं हुतं. इंग्रजीत. त्या मुडद्या कारकुनानं वाचलंच न्हाई." मग ती त्या कारकुनाला शिव्या द्यायची आणि मी समोर बसून जेवायचे. त्या कारकुनाने माझं कार्ड वाचलं होतं, नाव शोधलं होतं आणि परतीच्या टपालाने उत्तर पाठवलं होतं. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. साठ वर्षं त्याने माझ्या वाटच्या शिव्या खाल्ल्या.

सांगायचं मी किती वेळा ठरवलं, ते आता मोजत नाही. लाजूच्या लग्नाच्या वेळी वाटलं, मंगल कार्यात नको. टोपणदास गेले तेव्हा वाटलं, आधीच दुःख आहे. मला प्रत्येक वेळी योग्य कारण मिळालं, कारण नीटनेटकं कारण शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार. गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली असं कळलं तेव्हा मी ठरवूनच गेले. तिने माझा हात धरला आणि औषध द्यायला आलेल्या मुलीला म्हणाली, "ही अदी. हिनं माज्या आयसाठी लई पत्रं लिवली." आणि डोळे मिटून घेतले. मी तासभर बसले. तिला झोप लागली आहे असं म्हणून उठले… ती जागी होती की नाही, मी पाहिलं नाही.

अनुजा, तुझ्या अर्जात रकाना नसेल तर कागदाच्या मागे लिही. माणूस जे पुन्हा पुन्हा सांगतं, ते तुला खुळचट वाटलं तरी लिही. आणि चुकलीस, तर त्यांना त्याच आठवड्यात सांग.

गोपीचा बारावा झाल्यावर मी श्रीरामपूरला गेले. लाजू आता साठीची आहे. तिला मी सगळं सांगितलं. पोस्टकार्डात काय होतं, काय नव्हतं, आणि ओसरीवर मी काय उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, "मावशी, आईला सांगितलं असतंत तर ती तुमच्याशी वर्ष-दोन वर्षं बोलली नसती. मग बोलली असती. तेवढं तरी तिला करू द्यायचं होतं."

लाजू मला दारापर्यंत सोडायला आली, पण रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत थांबते तशी थांबली नाही.

ती दर रविवारी मला फोन करायची, गोपीची खुशाली मला आणि माझी तिला कळवायला. मी जाऊन आल्यानंतरचे दोन रविवार फोन आला नाही. काल आला. पापड वाळत घातले आहेत, ऊन चांगलं आहे, म्हणाली. गुडघ्याचं औषध घेता का, असं विचारलं. आईबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. पाचेक मिनिटं बोललो आणि तिने फोन ठेवला. एवढं अजून आहे.

तुमची,
आजी