तोलाचा रकाना

शनिवार, पोळ्याच्या अलीकडचा. शाळा सुटल्यावर, स्टाफरूम. हजर: मुख्याध्यापक, मराठीच्या मॅडम, ग्रंथपाल, मी. हात सवयीनं चालतो, त्यामुळे पाचवं नावही लिहिलं गेलं होतं. ते खोडलं आणि बैठकीला सुरुवात केली. विषय नेहमीचा, यंदाची वादविवाद स्पर्धा.

खोडलेलं नाव सरांचं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण या बैठकीला ते यायचेच. या उन्हाळ्यात ते गेले.

त्यांचे दोन तळहात तुम्ही पाहायला हवे होते. कुणी काही ठासून म्हणालं की सर दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर, जणू कुणी त्यावर काही ठेवणार आहे. मग एक हात जरा खाली, एक वर. पुन्हा उलट. आणि मान न उचलता म्हणायचे, "दोन्ही खरं हाय. मग?"

हा "मग" फार थकवणारा होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याशी सरळ भांडताच येत नाही, कारण तो आधीच तुमचं अर्धं मान्य करून बसलेला असतो.

मी खेळाची शिक्षिका. शिट्टी, टेप आणि स्टॉपवॉच यांवर माझा संसार चालतो. शाळेत स्पर्धा कुठलीही असो, मांडणी माझ्याकडे येते: खुर्च्या, माइक, बिल्ले, पाणी, प्रमाणपत्रं. सर नागरिकशास्त्र शिकवायचे आणि वादविवादाची मुलं तयार करायचे. लांब उडीच्या खड्ड्याशी उभे राहून माझं मोजमाप बघत आणि म्हणत, "तुमचं बरं हाय मॅडम. तुमच्याकडं टेप हाय."

त्यांच्या वर्गाची खोली माझ्या साहित्याच्या खोलीला लागून. त्यामुळे त्यांचा सराव मला भिंतीतून ऐकू यायचा. एकदा एका मुलानं मोठ्या आवाजात सुरुवात केली, "सत्य हे सर्वश्रेष्ठ मूल्य आहे!"

"श्रेष्ठ हाय, मान्य," सर म्हणाले. "पण कुणापेक्षा? एकटा पळाला तर कुणी बी पहिला येतो. त्याच्या शेजारी कुणाला तरी पळव."

हे मला पटलं. एकट्याची शर्यत मीही कधी लावलेली नाही.

शेजारी पळवायचं म्हणजे काय, हे ते घरातल्या गोष्टींवरून शिकवायचे. "घरात पंखा एकच. आजीचा डोळा लागलाय, तिला वारा पायजे. तुझा उद्या पेपर हाय, तुला बी पायजे. कुणाला द्यायचा?"

अर्धा वर्ग म्हणाला आजीला, अर्धा म्हणाला पेपरला. वडीलधाऱ्यांचा मान, शिक्षणाचं महत्त्व, सगळ्या थोरांची वचनं येऊन गेली. भिंतीपलीकडून "दोन्ही खरं हाय. मग?" एवढंच ऐकू येत राहिलं. शेवटी एका मुलीचा आवाज आला, "सर, आजीची झोप उद्या दुपारी बी होईल. पेपर पुन्हा होत न्हाई. म्हणून आजच्या दिवस पंखा मला. उद्यापासून आजीला."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सर उभे राहिले असणार.

ती सविता. पाथरी रस्त्यावरच्या एका गावाहून यायची, नववीत होती.

सरांचं हे तोलणं फक्त वर्गापुरतं नव्हतं, याचा त्रास त्यांच्या घरी होता. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "बाजारात मेथी घ्यावी का शेपू, यावर यांच्या दोन फेऱ्या होतात. तवर भाजीवाली उठून जाती. मग मी वांगी आणते."

गुणतक्त्यात आधी शेवटचा रकाना "प्रभाव" असा होता. सरांनी तो खोडला. "प्रभाव तर लाउडस्पीकरचा बी पडतो," म्हणाले. त्या जागी त्यांनी लिहिलं, "तोल". सगळ्यात जास्त गुण त्यालाच. दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर आल्या तर मुलाला त्या तोलता येतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, "सर, खाली एक ओळ लिहा. तोल म्हणजे काय ते."

"लिहितो की. पण कळंलच लोकांला."

नाही कळलं.

त्या वर्षी अंतिम फेरीचा विषय होता, धरणाचं पाणी आधी शहराच्या तहानेला की आधी शेताला. सविताच्या वाट्याला शहर आलं. तिच्या आईवडिलांचं शेत कालव्याच्या अगदी शेपटाला, पाणी पोचलं तर पोचलं. हंगाम हाताला लागला नाही की दसऱ्यानंतर घर आजीवर टाकून सगळे ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे. तिच्या आईनं सांगितलं होतं, जिंकलीस तर पुढची विभागीय फेरी होईस्तोवर आजीजवळ राहा, शाळा कर. नाहीतर चल आमच्याबरोबर. हे सरांना ठाऊक होतं, मलाही.

ती बोलली ते मला अजून आठवतं. "शेत माझ्या बापाचं हाय, म्हणून मला त्याचं वजन माहीत हाय," अशी सुरुवात केली. पुढे म्हणाली, "पाण्यावाचून पीक गेलं तर घर वर्षभर मागं जातं, पण पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येतं. पाण्यावाचून लेकरू गेलं तर पुन्हा पेरता येत न्हाई. म्हणून आधी हंडा. पण ज्यानं पाणी सोडलं त्याचं वर्ष शहरानं भरून द्यावं. फुकटात तहान भागवू नये." बोलताना ती टेबलाला धरून जरा डुलत होती, एवढंच मला खटकलं. मी उभं राहण्याची शिक्षिका.

तिच्या विरुद्ध बोलणारा मुलगा ध्वजाच्या काठीसारखा ताठ उभा राहिला, अन्नदात्यासाठी गरजला, टाळ्या घेतल्या. निकाल जाहीर झाला. ढाल त्याला मिळाली. अगदी थोड्या गुणांनी.

सरांनी तक्ते मागवले. पाहुणे परीक्षक निवृत्त अधिकारी होते, सरांनीच बोलावलेले, सज्जन माणूस. सर त्यांना हळूच म्हणाले, "साहेब, या मुलीला तोलात दोनच?"

"अहो, सारखी हलत होती पोरगी," पाहुणे म्हणाले. "टेबल धरून उभी. तो मुलगा बघा, जागचा हलला नाही. त्याला मी पूर्ण दिले."

सरांनी तक्ते मिटले. पाहुण्यांना चहा दिला, फाटकापर्यंत सोडलं. फाटकाशी सविता एक चप्पल हातात घेऊन उभी होती. व्यासपीठाच्या पायऱ्या चढतानाच चपलेचा अंगठा तुटला म्हणाली. अख्खं भाषण तिनं एका पायावर, दुसऱ्या पायानं चप्पल सांभाळत केलं होतं.

आम्ही दोघं कार्यालयात आलो. मी म्हटलं, "सर, टेप चुकीची धरली असेल तर आम्ही उडी पुन्हा मोजतो."

"उडी वाळूत उमटलेली राहते, मॅडम. भाषण कुठं राहतं?"

"तक्ता तर राहिलाय. पाहुण्यांनाच विचारा, अर्थ सांगून. ते नाही म्हणायचे नाहीत."

सरांनी दोन्ही हात पुढे केले. "पोरगी जिंकलेली हाय, हे खरं. जाहीर झालेला निकाल मोडला तर उद्यापासून कुठलाच निकाल निकाल राहणार न्हाई, हे बी खरं. त्या पोराची माय तिकडं रडायलीय आनंदानं. त्यानं काय चोरी केली न्हाई." हात वर-खाली होत राहिले. बाहेर ढालीसोबत फोटो निघत होते. मी खुर्च्या मोजायला गेले. परत आले तेव्हा सर घरी गेले होते आणि निकाल तसाच राहिला होता.

पुढच्या रविवारी ते माझ्या दारात. "चला माझ्यासंगं. एकट्यानं गेलेलं बरं दिसत न्हाई." आम्ही जीपनं सविताच्या गावी गेलो. तिची आई ज्वारी निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं आम्हाला पाणी दिलं. सरांनी शाळेचं, आजीचं, वसतिगृहाचं, सगळं नीट सांगितलं.

"तुमचं समदं बरोबर हाय सर," ती म्हणाली. "पर मी फडात कोयता धरल्यावर धाकट्याला कोण धरील? जितली असती तर ठेवली असती. गावाला, दिराला, तोंड वर करून सांगितलं असतं, पोरीचं काम हाय शाळेत. हरलेल्या पोरीला मागं ठेवली तर लोकायला काय सांगू?"

"ती हरली न्हाई," सर म्हणाले.

"मंग ढाल कुठंय?"

सरांचे हात आपोआप पुढे आले. दोन्ही रिकामे. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. दाराच्या चौकटीला टेकून सविता बघत होती.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, "मॅडम, मी 'मग' म्हटलंच न्हाई. 'दोन्ही खरं' पाशी थांबलो. पोरं तिथं थांबली की मी त्यांचे मार्क कापतो." गाव मागं पडल्यावर पुन्हा म्हणाले, "आपण थांबलो की जे हाय तेच जिकतं."

दसऱ्यानंतर सविता टोळीबरोबर गेली. नववी राहिली. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावी झाली. फॉर्म सरांनी भरला, पेपरांच्या दिवसांत डबा त्यांच्या घरून गेला. त्यानं ते वर्ष भरून निघालं असं सर कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी गुण दिले नाहीत. स्पर्धेला यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. तक्ता पुढे केला की म्हणायचे, "मी ऐकतो. मार्क तुमी द्या." त्या एका ओळीची मी दर वर्षी आठवण करून द्यायचे. "लिहितो की," म्हणायचे. कागद घ्यायचे, पेन उघडायचे, दोन तळवे बघत बसायचे, आणि पेन बंद करायचे. पूर्वी त्यांच्या हातांचं मला हसू यायचं. नंतर नंतर मी चहा आणायच्या निमित्तानं उठून जायचे.

तर कालची बैठक. मुख्याध्यापक म्हणाले, "तो तोलाचा रकाना काढून टाकू आता. परीक्षकांना कळत नाही, दर वर्षी वाद होतो. प्रभाव बरा होता."

मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "सर होते तोवर ठीक होतं."

मी नको म्हटलं. का, ते नीट सांगता आलं नाही. मुख्याध्यापक चांगले आहेत, त्यांनी वाद वाढवला नाही. "ठीक आहे मॅडम. सोमवारपर्यंत खाली एक ओळ लिहून द्या, कुणालाही कळेल अशी. नाहीतर प्रभाव."

आज रविवार. सकाळपासून चार वेळा लिहून खोडलं. दोन मूल्यांची तुलना, असं लिहिलं तर मुलं यादी पाठ करून येतील. योग्य निर्णय, असं लिहिलं तर परीक्षकाला जे योग्य वाटेल तेच योग्य. मग सविताला फोन लावला. ती आता गावातच बचत गट चालवते. ग्रामसभेत ती उभी राहिली की सरपंच घड्याळाकडे बघतात, असं ऐकून आहे.

मी विचारलं, "सविता, सरांचा तोल म्हणजे नेमकं काय, एका ओळीत सांग गं."

ती आधी हसली. "एका पायावर उभं ऱ्हाणं, मॅडम." मग म्हणाली, "न्हाई, थांबा. नीट सांगते. भाकर तव्यावर हाय, करपंल. मी लावते फोन."

अजून आलेला नाही. बाकीची यादी झाली. माइक सांगितला, बिल्ले कापले, ढाल चिंचेनं घासून ठेवली. तक्ता नव्यानं आखलाय, शेवटच्या रकान्याखाली जागा सोडली आहे. तिथं "तोल म्हणजे" एवढं लिहून झालंय.