थोरलीचं तेल

दोघी एकाच फ्रेंच कारखान्यातल्या, एकाच घडणीच्या. लांब नाक, मागे उतरती पाठ. थोरलीचे दिवे उघडे, धाकटीचे काचेआड. स्टिअरिंग फिरवलं की धाकटीचे दिवेही वळतात. नेहमीच्या स्प्रिंगा दोघींनाही नाहीत. इंजिन सुरू झालं की पोटातलं तेल दाब धरतं आणि गाडी बसलेल्या म्हशीसारखी उठते, आधी मागून, मग पुढून.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी तीस वर्षं तेलाच्या पंपांवर फिटर होते. निवृत्तीनंतर दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने या दोघी माझ्या हवाली केल्या. फार विश्वास होता असं नाही; दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आठ दिवसांवर आलं तसा मालकांनी मुंबईहून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने थोरलीचं बॉनेट उघडलं, हिरव्या नळ्या पाहिल्या आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "नळ्या हिरव्या, म्हणजे तेलही हिरवंच. दोन्हींत तेच ओता."

"थोरलीत नाही," मी म्हटलं. "तिला जुनं लाल तेल लागतं. हा रंग कुण्या पेंटरने हौसेने मारलाय." नखाने खरवडून दाखवलं. खालून काळा निघाला, लाल तेलाच्या नळ्यांचा असतो तो.

"मावशी, पॉवर हाउसचे पंप वेगळे, या गाड्या वेगळ्या."

माझं डोकंच फिरलं. मी काही त्याची मावशी नव्हते, आणि तेल-रबराचं वैर गाडी बघून ठरत नाही. पण लाल तेल परदेशातून यायला महिना लागणार होता आणि मालकांना प्रदर्शनात दोन्ही गाड्या उठलेल्या हव्या होत्या. ते म्हणाले, "ताई, ओता."

मी थोरलीच्या रिकाम्या टाकीचं झाकण घट्ट फिरवलं आणि समोर उभी राहिले. "चार दिवस द्या. मग हवं तर मला काढून टाका."

घरी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्यांत हिरवं तेल घेतलं. एकीत थोरलीचा सुटा रबरी वॉशर टाकला, दुसरीत धाकटीचा. चौथ्या दिवशी बरण्या त्या दोघांसमोर उघडल्या. धाकटीचा वॉशर होता तसाच होता. थोरलीचा भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टरारून फुगला होता. मालकांनी चिमटीत धरून ओढला, तर तुटला. तज्ज्ञ मोबाइल बघू लागला.

"आत असे कितीतरी आहेत," मी म्हटलं.

मालकांनी बोटं पुसली. "पण ताई, सगळ्या गाड्या दिमाखात उभ्या आणि ही एकटी पोट टेकून? लोक हसतील हो."

"हसू द्या. बसलीये ती, मेलेली नाही. ज्याला हसायचंय त्याने माझ्या तोंडावर हसावं. मी दिवसभर तिच्याशेजारी उभी राहणार आहे."