गायकवाडचा बेडूक

एका टेबलावर दोन माणसं आणि एकच मायक्रोस्कोप असला, की किस्से आपोआप साठतात. त्यातून पोटात जळत असलं, तर त्यातला एकही विसरत नाही!

सत्तरच्या आसपासची गोष्ट. भोरच्या कॉलेजात मी आणि विंझरचा गायकवाड, दोघे टेम्पररी डेमॉन्स्ट्रेटर. जूनमध्ये एकालाच पर्मनंट करणार होते. सकाळची बॅच माझी, दुपारची त्याची.

*

प्रॅक्टिकल साधं. बेडकाच्या पायाच्या बोटांमधला पडदा चार टाचण्यांनी ताणून भिंगाखाली धरायचा. रक्तवाहिनीत तांबड्या पेशी मधोमध सुसाट जातात. पांढऱ्या काठाकाठानं घरंगळत येतात आणि भिंतीला चिकटून बसतात, असं पुस्तकात होतं. माझ्या बेडकात त्या कधी थांबल्याच नाहीत. चिडून मी टाचण्या काढायचो, परत टोचायचो. बॅच संपली की बेडूक बादलीत.

गायकवाडला मात्र रोज दिसायच्या.

*

एकदा सकाळी माझ्याकडे पाहून गेलेल्या पोरी दुपारी त्याच्या रांगेत उभ्या. म्हणे, "तुमच्याकडे नुसतं पळतं, सर." त्या दिवशी मी जेवलो नाही.

*

मग वाटलं, विंझरच्या खाचरातल्या बेडकांतच काहीतरी असणार. त्याच्याकडे मागितले. सोमवारी एसटीनं ओल्या पिशवीत चार घेऊन आला, एका शब्दानं विचारलं नाही. याचाच मला जास्त राग आला. त्या चौघांतही पेशी थांबल्या नाहीत.

*

एप्रिलमध्ये पुण्याचे प्राध्यापक तपासणीला आले. सकाळी माझ्याकडे काही नाही. दुपारी त्याच्या भिंगाखाली पांढऱ्या पेशी भिंतीला ओळीनं चिकटलेल्या. त्यांनी विचारलं, हे जमवता कसं?

गायकवाडनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"माजं काय न्हाई, सर. सकाळी ह्यांनी टोचून सुजवलेला बेडूकच म्या दुपारी लावतो. इजा झाल्याबिगर पांढऱ्या पेशी भिंतीला धरत न्हाईत."

प्राध्यापकांनी मला एवढंच विचारलं, की तोच बेडूक दुपारी पुन्हा का नाही पाहिलात?

*

ऑर्डर गायकवाडची निघाली. मी ट्रंक भरत होतो, तर हा दारात, हातात बादली.

"उद्या नवी बॅच हाय, सर. माजा हात लई हलका पडतो. जायच्या आदी येवढा येक टोचून जावा."

मी आठ टाचण्या लावल्या.