ग्रुप घेऊन गेलीस ना? मग ग्रुप घेऊनच ये

शालिनीमॅडम आज पहाटे गेल्या.
आणि मी त्यांच्या अंत्यदर्शनाला जाणार नाहीये.

ओळखत नसाल त्यांच्यासाठी : पुण्यात कसबा पेठेत मॅडमची ट्रॅव्हल एजन्सी. मी अजून तिथेच काम करते.

टुरिझमची डिग्री घेऊन इंटरव्ह्यूला गेले होते. डिग्री नीट वाचून म्हणाल्या,
"छान. आता सांग, बसमध्ये एका आजोबांना लघवीला जायचंय, पण लाजतायत. काय करशील?"

"त्यांना विचारीन."

"सगळ्यांसमोर? मग उद्यापासून ते पाणीच प्यायचे नाहीत. 'मला चहाची तल्लफ आलीय' म्हणायचं आणि बस थांबवायची!"

हे कुठल्या सिलॅबसमध्ये असतं, सांगा!

पण म्हणून शिक्षणाला नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत. स्वतः पन्नाशीत तिकिटिंगचा कोर्स केला, कॉलेजच्या पोरांच्या बाकावर बसून.
"नुसतं गोड बोलून व्हिसा मिळत नाही गं. नियम वाचावे लागतात. दर वेळी नव्याने."

आणि गोड बोलणं म्हणाल तर...
एक गृहस्थ विचारत होते, "जेवण घरच्यासारखं असेल ना?"
मॅडम : "घरच्यासारखं हवं तर घरीच थांबा. आमच्याकडे चांगलं असतं."
गृहस्थ बुकिंग करून गेले. अजून दर वर्षी येतात.

आज सकाळी मॅडमच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. मी मदुराईत आहे, ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप घेऊन.
"ताई, आई गेली. तू ये. संध्याकाळपर्यंत थांबतो आम्ही."

समोर सगळे नाश्त्याला बसत होते. मॅडमनी शिकवलंय, वाईट बातमी प्रवाशाला रिकाम्या पोटी द्यायची नाही. फ्लाइट रद्द झाली तरी आधी खायला घालायचं, मग बोलायचं. बीपी-शुगरची माणसं असतात.

मी इडल्या वाढल्या. सांबार हवंय का, विचारत फिरले. सगळ्यांच्या गोळ्या घेऊन झाल्यावर सांगितलं.

जोशीकाकू मॅडमबरोबर निम्मा भारत फिरलेल्या. त्या रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या,
"जा गं तू. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?"

फ्लाइट होती. सीटही होती. मोबाइल हातात धरून नुसती बसून राहिले. जावंसं इतकं वाटत होतं, काय सांगू!

पण दोघांना व्हीलचेअर लागते. इथली भाषा कुणाला येत नाही. पुढे रामेश्वरम आहे. आणि मॅडमचं एकच म्हणणं असायचं, "ग्रुप घेऊन गेलीस ना? मग ग्रुप घेऊनच ये."

मुक्ताला फोन केला. येत नाही म्हटलं.
ती म्हणाली,
"बरं केलंस. ग्रुप सोडून आली असतीस, तर आईने तुला दारातूनच परत पाठवलं असतं."

मॅडम, सगळे बसमध्ये बसलेत. कुणी मागे राहिलेलं नाही.
तुम्ही निवांत जा.