तिचं विमान चुकलं ते बरं झालं

पेढे समोर आले की ते प्रकरण मला हटकून आठवतं. रायपूरच्या गुढियारी भागात मी तेव्हा थाना प्रभारी, म्हणजे ठाणेदार होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊन आले.

"साहेब, पोट्टी परदेशात इंग्रजीची मास्तरीण होऊन राहिली. उद्या विमान हाय."

पेढा तोंडात टाकता टाकता मी विचारलं, "मग पोलिसांच्या दाखल्यासाठी ती इकडे काहून नाही आली?"

"एजंट म्हणे, गरज नाही. पोरीच्या जातीले ठाण्यात काहून न्यायचं? भला माणूस हाय."

दुसरा पेढा उचलला होता, तो मी डब्यात परत ठेवला. लेकरांपुढे उभं करायच्या माणसाचा पोलीस दाखला परदेशातल्या शाळा हमखास मागतात. मी मुलीला बोलावलं. एम.ए. झालेली, इथल्याच एका शाळेत शिकवणारी. मुलाखतीत कोणता धडा शिकवायला लावला, असं विचारलं.

"धडा नहीं सर, टाइपिंग टेस्ट हुआ. और पूछा, नाइट शिफ्ट करोगी क्या?"

रात्री कुठली लेकरं शाळेत येतात? शहरातल्या तात्यापारा भागातून एजंटाला उचलून आणलं. हात लावला नाही, चहा पाजला. फक्त शाळेबद्दल विचारत राहिलो. कितवीला शिकवणार? हेडमास्तर कोण? शाळा सुटते कधी? तिसऱ्या प्रश्नाला गडी घामाघूम झाला आणि सगळं ओकला. तिथे उतरताच पासपोर्ट काढून घ्यायचा आणि फोनवरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळीत तिला बसवायचं, असा बेत होता. व्हिसाच्या नावाखाली घेतलेला तिचा पासपोर्ट अजून त्याच्याच कपाटात सापडला. जप्ती केली, गुन्हा नोंदवला.

पोरगी माझ्यावरच चिडली. "आप बोल रहे हो बच गई. मेरा तो जॉब गया ना!" तिचं चूक नव्हतं. वडील मात्र भिंतीला टेकून डोळे पुसत होते. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे तिने स्वतःच परदेशातली दुसरी शाळा शोधली. त्यांनी व्हिडिओवर खऱ्या मुलांचा वर्ग घ्यायला लावला, दाखलाही मागितला. आता वडील सांगतात, "लेकरं तिकडची, पण इंग्रजी गुढियारीचं बोलून राहिली!"

शहाण्याने ठाण्याची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. त्या एजंटाचा धंदा याच भीतीवर चालला होता, हे मी तेव्हा शिकलो. नोकरीत अटका पुष्कळ केल्या. पण एक पोरगी विमानात बसली नाही, याचं समाधान निराळं. आणि दुसऱ्या खेपेला ती बसली, याचं त्याहून मोठं.