पैकीच्या पैकी मार्कांचं घर

पूर ओसरला, फोटोवाले आणि पुढारी घरी गेले, की माझी आत्या तिथे पोचते. दिलेली मदत लोकांच्या खरोखर उपयोगी पडली का, हे तपासायचं तिचं काम. मदत देणाऱ्या संस्था तिला बघून नाक मुरडतात. आमच्या घरी तर तिला ‘खुसपटबाई’च म्हणतात, आणि मला त्या नावाची भयंकर चीड आहे.

‘मदत मिळाली का’ असं विचारलं की सगळे ‘हो हो, छान’ म्हणतात. तक्रार केली तर पुढच्या वेळी आपल्याला वगळतील, ही धास्ती. म्हणून आत्या नुसतं प्यायला पाणी मागते आणि घर बघत बसते.

त्या वर्षी पूरग्रस्तांना चिठ्ठ्या टाकून पक्की घरं मिळत होती. पहिली आळी बांधून झाली होती. पुढच्या आळ्या आत्याच्या अहवालावर ठरणार होत्या. तिथे एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे ती गेली. छप्पर मजबूत, नळाला पाणी, संडास, दिवा. पैकीच्या पैकी मार्क.

“काही कमी आहे का, आजी?”

“छे गं. फक्त शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही. माझ्या जुन्या आळीतल्या बायका अजून तंबूत आहेत. त्यांना माझ्या बाजूला आणता येतंय का बघ ना.”

आत्याने अहवालात ठासून लिहिलं, चिठ्ठ्या बंद करा, जुने शेजारी एकत्र ठेवा. घरं बांधणाऱ्या संस्थेचे साहेब वैतागले. “बाई, लोक उघड्यावर आहेत आणि तुम्ही शेजारपाजार काय घेऊन बसलात?” तेही अगदीच चूक नव्हते, थंडी तोंडावर आली होती. चिठ्ठ्या निघाल्या आणि आजींची आळी चार दिशांना पांगली.

पुढच्या फेरीला घराला कुलूप. आजी सापडल्या तंबूत, शेवटच्या दोन शेजारणींबरोबर भाजी निवडताना. त्या दोघीही आठवड्याभरात वेगवेगळ्या टोकांना जाणार होत्या.

“घर आवडलं नाही का, आजी?”

“घर झकास आहे. तूच राहून बघ की तसल्या घरात एकटी.”

“राहतेच आहे,” आत्या म्हणाली.

आजींनी सतरंजीवर सरकून तिला जागा दिली, पुढ्यात थोडी भाजी टाकली. आत्या निवडत बसली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी तिला उठवेना.